बाई स्वतःच्या घरात काय बोलली?



मागल्या महिन्यात एका साहित्यिक बैठकीत एक प्राध्यापक आमच्यावर घसरले. विषय होता तरुणांची कविता. चहा झाला, बिस्किटं झाली, मग साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, तुम्ही पोरं आपापल्या जखमेत रुतून बसला आहात. हॉलंडची हेन्रिएट रोलांड होल्स्ट वाचा. नोटरीची मुलगी, पैशात वाढलेली, पण कामगारांची कवयित्री झाली. स्वतःच्या पलीकडे गेली. तुम्ही स्वतःच्या पलीकडे कधी जाणार?

मागच्या बाकावरून आमचा एक दोस्त ओरडला, पैसेवाली बाई आमच्या काय कामाची, घाला तिला खाडीत! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आता कबूल करतो, तोवर या बाईचं नावसुद्धा मी ऐकलेलं नव्हतं. टाळ्या वाजवायला काय लागतं?

मग दुसऱ्या पाळीला गेलो. रात्रभर हाताखाली लोखंडाच्या कॉइली आणि डोक्यात ही बाई. पुढं महिनाभर मिळेल ते वाचलं. डच येत नाही, इंग्रजी मॅट्रिकपुरतं, मांडीवर डिक्शनरी. वाचता वाचता माझी टाळी मलाच लागली. आणि प्राध्यापकांचं भाषण तर पार उघडं पडलं. म्हणून हे लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

बाई जन्मली 24 डिसेंबर 1869 ला, नोर्डवाइक नावाच्या समुद्रकाठच्या गावात. बाप नोटरी, शिक्षण बोर्डिंगात, फ्रेंच येणारी, कविता लिहिणारी. सुनीतं. 1896 साली लग्न केलं ते रिखार्ड रोलांड होल्स्ट नावाच्या चित्रकाराशी. इथवरचं आयुष्य आपल्याकडच्या कुठल्याही बंगल्यातल्या कवयित्रीचं, दिवाळी अंकात फोटोसकट छापावं असं. पण 1897 मध्ये नवरा-बायको आणि त्यांचा दोस्त, कवी हेर्मान गोर्टर, हे समाजवादी पक्षात शिरले. पक्ष तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. आणि शिरले ते शोभेला नाही. 1902 साली बाईनं हॉलंडमधल्या भांडवल आणि श्रमाच्या इतिहासावर जाडजूड पुस्तक लिहून काढलं. सुनीतं लिहिणाऱ्या बाईनं आकडे, मजुरी, कामाचे तास, पोरांची मजुरी यांत डोकं घातलं. आपल्याकडचे किती मानवतावादी कवी हे करतील? त्यांना रक्त पाहिजे ते कवितेत शिंपडायला. मस्टर बघायला सांगा, पळतील.

त्याआधी 1900 साली तिनं एक काम केलं, ते माझ्या मते तिच्या सगळ्या कवितासंग्रहांपेक्षा मोठं. 'इंटरनॅशनल' हे गाणं डच भाषेत आणलं. एजेन पोतिएनं ते 1871 साली पॅरिस कम्यून चिरडल्यावर लिहिलं, 1888 साली पिएर द गेतेरनं चाल लावली, हे तुम्हाला माहीत आहे. मूळ फ्रेंचमध्ये हाक आहे ती जगातल्या शापितांना. बाईनं डच करताना शब्द घेतला त्याचा अर्थ होतो टाकलेले, बाहेर फेकलेले. मी या एका शब्दावर दोन दिवस थांबलो. शापित म्हटलं की शाप देणारा देव आला, नशीब आलं, पूर्वजन्म आला. टाकलेला म्हटलं की विचारावं लागतं, कुणी टाकला? कुठल्या घरातून, कुठल्या दारातून? शब्द बदलला आणि आरोपी बदलला. हे बोर्डिंगात शिकलेल्या बाईला सुचलं. आपल्याला तो शब्द समजायला डिक्शनरी लागली, पण अर्थ लागत नव्हता असं नाही. हॉलंडचे गोदी कामगार ते गाणं शंभर वर्षं गात आले. गाणाऱ्यांपैकी किती जणांना बाईचं नाव ठाऊक असेल? नाव गळून पडलं, गाणं राहिलं. आमच्याकडे चार ओळींच्या अनुवादाखाली अनुवादकाचं नाव मूळ कवीपेक्षा मोठ्या टायपात असतं.

आता 1903 वर येतो, कारण तिथं गोदी आहे.

जानेवारी 1903. आम्सटरडॅमच्या धक्क्यावर एका वखार कंपनीत भांडण लागलं. युनियनबाहेरच्या माणसांबरोबर काम करणार नाही, एवढीच बात. कंपनी ऐकेना. गोदीतली माणसं बाहेर पडली. मग मालाचे डबे हलवायला रेल्वेवाल्यांना सांगितलं, तर रेल्वेवाले म्हणाले, संपातल्या मालाला आम्ही हात लावणार नाही. इथं खरी मजा आहे. त्या माणसांचं स्वतःचं काही मागणं नव्हतं त्या घडीला. दुसऱ्याच्या भांडणासाठी त्यांनी इंजिनं थांबवली. 31 जानेवारीपर्यंत कंपन्यांचं नाक खाली आलं. जिंकले! ज्यानं कधी शेडमध्ये बारा तास काढलेत त्याला कळेल, मुकादम मान खाली घालून येतो तेव्हा छातीत काय होतं.

पण पंतप्रधान होता आब्राहाम कायपर. पाद्री माणूस, धर्मशास्त्राचा पंडित. फेब्रुवारीतच त्यानं कायदे आणले, रेल्वे आणि सरकारी नोकरांनी संप केला तर तुरुंग. कामगारांनी त्या कायद्यांना नाव दिलं गळा आवळणारे कायदे. एप्रिलमध्ये त्यांच्याविरुद्ध सार्वत्रिक संप पुकारला. तयारी कच्ची, पुढारी दोन मनाचे, सैन्य स्टेशनांवर उभं. संप फुटला. कायदे पास झाले. हजारो रेल्वेवाले कामावरून गेले आणि बऱ्याच जणांना परत कधी घेतलंच नाही.

पक्षाचा पुढारी ट्रुल्स्ट्रा या सगळ्यात आज हो, उद्या थांबा असं करत होता. बाई आणि गोर्टर संपाच्या बाजूनं ठाम राहिले. आणि हरल्यावर तिनं काय केलं बघा. शोकगीत लिहून मोकळी झाली नाही. बसून विचार केला, संप जिंकतो केव्हा, हरतो केव्हा, कामगारांच्या हातात नेमकं काय आहे. काउट्स्कीच्या प्रस्तावनेसह 1905 मध्ये जर्मनीत तिचं पुस्तक निघालं, सार्वत्रिक संप आणि समाजवादी चळवळ यांवर. रोझा लुक्सेम्बुर्गची सामुदायिक संपावरची पुस्तिका 1906 ची, म्हणजे नंतरची. दोघी मैत्रिणी होत्या. पुढं 1935 साली हिनं रोझाचं चरित्र लिहिलं. रोझाचं नाव आपल्या पोस्टरवर असतं. हिचं नसतं.

इथवर वाचून दोस्त म्हणेल, म्हणजे तू पण त्या प्राध्यापकाच्या गाडीत बसलास. थांब जरा.

एप्रिल 1903 नंतर रेल्वेवाल्याची भाकर गेली, बाईची गेली नाही. पुढं तिला आजोळवारशातनं ब्राबांटमध्ये झुंडर्टजवळ माळावरची जमीन आणि घर होतंच. (हे तेच झुंडर्ट, जिथं व्हान गॉग जन्मला.) पक्ष सोडला की ती माळावर जाऊ शकत होती. कविता लिहू शकत होती. बडतर्फ झालेला सांधेवाला कुठं जाणार? पराभवाचा विचार करायला जी शांतता लागते, तीही पैशानं येते, आणि तिची किंमत त्या वेळी दुसऱ्यांनी मोजली होती. हा फरक प्राध्यापकसाहेब गिळून टाकतात. बाईनं गिळला नाही. पैसा चळवळीत ओतला, स्वतः काटकसरीत राहिली, खाण्यापिण्यात तर जिवावर बेतेल एवढी. 1996 साली तिचं मोठं चरित्र निघालं, त्यात हे उपाशी राहणंही आहे. मला ते उपाशी राहणं कळत नाही. आमच्याकडे कुणी हौसेनं उपाशी राहत नाही. पण तिला काहीतरी आतून कुरतडत होतं एवढं दिसतं.

आणि ते कुरतडणं हीच तिची कविता. 1912 चा तिचा संग्रह आहे, नावाचा अर्थ 'जंगलातली बाई'. पक्षातली फाटाफूट झाली होती. 1909 मध्ये डावी पोरं हाकलली गेली, गोर्टर त्यांच्याबरोबर गेला, ही मागं राहिली आणि मग हीही बाहेर पडली. एकटी. त्या एकटेपणात लिहिलेलं ते पुस्तक. स्वतःबद्दल, स्वतःच्या दोन तुकडे झालेल्या मनाबद्दल, ज्या वर्गातून आली त्याला तोडताना काय तुटतं त्याबद्दल.

तर प्राध्यापकसाहेब, ती स्वतःच्या पलीकडे कुठं गेली हो? ती स्वतःच्या जखमेतच बसून लिहीत होती. फरक एवढाच की तिची जखम वरच्या मजल्यावरची होती. तुम्हाला वरच्या मजल्यावरची जखम विश्वात्मक वाटते आणि आमची वैयक्तिक वाटते. हा तुमचा आजार आहे, त्याला बाईचं नाव लावू नका.

आता मूळ मुद्दा.

1904 च्या ऑगस्टमध्ये आम्सटरडॅमला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सार्वत्रिक संपावरचा ठराव या बाईनं मांडला आणि तो पास झाला. ठरावात पाणी होतं, सांगून टाकतो. सगळं जग एका दिवशी बंद हे अशक्य, पण मोठा संप हे शेवटचं हत्यार म्हणून ठेवा, अशी ती भाषा. एप्रिलच्या माराची भीती त्यात दिसते. असो. त्याच परिषदेत आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी बोलायला उभे राहिले, ऐंशीला टेकलेले, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. इंग्रजाच्या लुटीविरुद्ध उभं राहणं सोपं होतं हो, हॉल हॉलंडचा होता. जावा-सुमात्रा कुणाचे होते? त्याच पक्षाचा वसाहतींवरचा जाणकार होता व्हान कोल. जावात इंजिनियर होता, तिथं कॉफीच्या मळ्यात त्याचा हिस्सा, आणि त्या कॉफीचा पैसा पक्षाच्या कामी येत होता. 1907 च्या स्टुटगार्ट परिषदेत हाच माणूस म्हणत होता की वसाहती मुळातूनच वाईट असं समाजवाद्यांनी म्हणू नये. मतं पडली 127 विरुद्ध 108. हरला, पण बघा किती थोडक्यात. 108 समाजवादी हात वर!

म्हणजे घर हे असं होतं. पिंपात जावाची कॉफी आणि भिंतीवर मार्क्स.

त्या घरात बसून बाई काय बोलली, हे मला बघायचं होतं. कारण आमच्या दुःखावर रडणारे खूप पाहिले. परक्याच्या गोदीतल्या संपावर कविता कुणीही लिहील. तू तुझ्या जेवणाच्या टेबलावर काय बोललास ते सांग.

1926 च्या नोव्हेंबरात जावात आणि 1927 च्या जानेवारीत सुमात्रात कम्युनिस्टांचा उठाव झाला. डच सरकारनं तेरा हजारांच्या आसपास माणसं पकडली. तेराशेच्या वर माणसं, काहींच्या बायकापोरांसकट, न्यू गिनीच्या जंगलात नदीकाठी बोवेन दिगुल नावाच्या छावणीत नेऊन टाकली. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. तारेच्या कुंपणाचीसुद्धा फारशी गरज नव्हती, चहूकडे जंगल आणि मलेरिया. टाकलेले! बाईचा 1900 सालचा शब्द तिच्याच सरकारनं खरा करून दाखवला. 1927 सालीच हॉलंडात शिकणारा मोहम्मद हट्टा आणि त्याचे साथीदार पकडले गेले. 1928 च्या मार्चमध्ये हट्टानं हेगच्या कोर्टात तासन्‌तास आपलं भाषण केलं आणि सुटला. पुढं 1935 मध्ये त्याला आणि सुतान शारिरला दिगुलला पाठवलंच.

त्या काळात हॉलंडात इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं जी मोजकी माणसं उघड उभी राहिली, त्यांत ही बाई होती. साठीला टेकलेली, पक्ष सोडलेली, नवरा कलेच्या सरकारी अकादमीत प्राध्यापक. म्हणजे गप्प बसायला सगळी कारणं होती. इंडोनेशियाची माणसं तिला ओळखत होती. सुकार्णोनं 1947 च्या 'सारिना' या पुस्तकात बायकांच्या गुलामीवर लिहिताना हिच्या लिखाणाचा आधार घेतला. सारिना म्हणजे सुकार्णोला लहानपणी सांभाळणारी बाई, घरकामाची. तिचं नाव पुस्तकाला आणि पुस्तकात या नोटरीच्या मुलीचे विचार. दोघी एका पुस्तकात आल्या त्या कुणाच्या कणवेनं आल्या नाहीत.

आणि युद्ध संपल्यावर, 1947 आणि 1948 ला, हॉलंडनं पुन्हा इंडोनेशियात फौजा घातल्या. नाव ठेवलं पोलीस कारवाई. काल स्वतः हिटलरच्या बुटाखाली होते, सुटल्या सुटल्या दुसऱ्याच्या मानेवर बूट. आख्खा देश म्हणत होता, इंडिया गेला की आपण भिकेला लागू. तेव्हाही बाई त्या युद्धाच्या विरोधात होती. वय सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. गोदीवाल्यांनी तर आधीच दाखवून दिलं होतं. 1945 साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या धक्क्यावर डच जहाजांत माल चढवायला तिथल्या कामगारांनी नकार दिला आणि त्यांच्याबरोबर हिंदी खलाशी जहाजांवरून उतरले. योरिस इव्हेन्स या डच माणसानंच त्याची फिल्म केली. डच सरकारची नोकरी सोडून केली. आपले खलाशी सिडनीत जावासाठी उपाशी राहिले, हे कुणी शाळेत शिकवलं होतं का तुम्हाला? मला नाही.

बाईच्या चुका सांगायच्या तर हात आखडणार नाही. 1918 च्या 13 नोव्हेंबरला आम्सटरडॅममध्ये क्रांती आली असं समजून वाइनकोप आणि ही, मिरवणुकीच्या पुढं, घोडदळाच्या बराकीकडं निघाले. आतून गोळीबार झाला. माणसं मेली. कवीला क्रांतीचा वास लवकर येतो आणि गोळी मागच्याला लागते. 1915 मध्ये झिमरवाल्डला गेली, लेनिन होता तिथं. 1921 मध्ये मॉस्कोला गेली, भारावून आली, आणि 1927 मध्ये कम्युनिस्ट पक्षही सोडला. मग धर्माकडं वळलेला समाजवाद. मग टॉलस्टॉयचं चरित्र, आणि 1947 मध्ये गांधींचं, आणि गांधी गेल्यावर त्यांच्यावर लांब कविता. दुरून डोंगर साजरे. आम्सटरडॅमहून साबरमती दिसते, येरवडा दिसत नाही. 1932 च्या सप्टेंबरात त्या तुरुंगात उपोषणानं कुणाच्या नरड्यावर काय ठेवलं गेलं, तो हिशेब आपला आपल्याला आहे आणि तो डच भाषेत मिटत नाही. इथं बाई आपल्या उपयोगाची नाही. स्पष्ट सांगतो आणि पुढं जातो.

जर्मनांच्या काळात, सत्तरी ओलांडलेली, तिनं लपलेल्या माणसांना थारा दिला आणि चोरून छापल्या जाणाऱ्या पत्रांत लिहिलं. 25 फेब्रुवारी 1941 ला आम्सटरडॅम बंद पडलं, ज्यू लोकांना रस्त्यावरून पकडून नेलं म्हणून. हा तोच सार्वत्रिक संप, ज्यावर तिनं 36 वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलं होतं. पण तो पुकारला कुणी? आदल्या संध्याकाळी नोर्डरमार्कटवर सभा झाली, तिच्यामागं दोन माणसं, म्युनिसिपालटीचे दोघंही. विलेम क्रान, रस्ते बांधणारा, आणि पीट नाक, सफाई खात्यातला. सफाई खात्यातला, वाचलंत ना नीट? क्रानला जर्मनांनी 1942 च्या नोव्हेंबरात गोळ्या घातल्या. बाईचं पुस्तक त्या दोघांनी वाचलं होतं की नाही, त्यानं काय फरक पडतो. बाई 21 नोव्हेंबर 1952 ला आम्सटरडॅममध्ये वारली. पुरता महिना झाला नाही तोच, 19 डिसेंबरला, त्या संपाचा पुतळा उभा राहिला. मारी आंद्रिसेनचा. पुतळ्याचं नाव गोदी कामगार. राणीनं पडदा ओढला. शिल्पकारापुढं उभा राहिलेला माणूस सुतार होता, संप पुकारणारे झाडूवाले आणि रस्तेवाले होते, आणि मान आमच्या गोदीला मिळाला. मी गोदीतला असून सांगतो, तो मान आमचा एकट्याचा नव्हता.

तर दोस्ता, खाडीत घालायचं म्हणालास त्या बाईचं हे असं आहे. माझी टाळी मी परत घेतली.

आणि प्राध्यापकसाहेब, पुढच्या बैठकीला मी रजा टाकून येणार आहे. पाळीचे पैसे कापले जातील, जाऊ द्या. तुम्ही कविता ऐकवू नका. मागल्या पावसाळ्यात तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला भाडेकरू कुणाला ठेवायचा आणि कुणाला नाही, असा विषय निघाला होता. आमचा एक पोरगा तिथं वॉचमन आहे, खुर्च्या त्यानंच लावल्या होत्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तेव्हा तुम्ही काय बोललात, तेवढं सांगा.